अकरा तारखेचं पहाटेचं दूध गेलं कुठं?

वाचकांचे प्रश्न : मोबाइल ॲप आणि डेटा

या वेळी आलेल्या पत्रांतली सात इथे घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे. काही उत्तरं दोन-चार ओळींत आटोपली आहेत, तिथे तेवढंच पुरे आहे.

प्रश्न : ताई, शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेसाठी मी संकलनाचं ॲप केलंय. सचिव फोनवर सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) टाकतात, पावती निघते, नोंद सर्व्हरवर जाते आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. चार महिने एकही तक्रार नव्हती. नोव्हेंबरपासून काही सभासद म्हणतात, एका वेळचं दूध बिलात कमी आलंय. त्यांच्याकडे पावती आहे, सर्व्हरवर नोंद आहे, पण बिलात नाही. सगळ्यांचं असं होत नाही. कोड तीनदा वाचला, चूक दिसत नाही. लोक आता सचिवांवर संशय घ्यायला लागलेत.

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी लगेच फोन केला होता. तेव्हा विचारलेल्या गोष्टी वाचकांसाठी पुन्हा लिहिते. तक्रार कोणाची? काट्यावर सगळ्यांत आधी येणाऱ्या सात-आठ जणांची. पावतीवर वेळ काय? ५:०५, ५:१२, ५:२१. पूर्वी संकलन किती वाजता सुरू व्हायचं? सहाला, नोव्हेंबरात टँकर लवकर यायला लागला म्हणून पाचला आणलं. आणि पावत्यांवर तारीख काय? तुम्ही चाळून म्हणालात, ‘ताई, सगळ्या ११ नाहीतर २१ च्या आहेत.’ तिथेच दुखणं सापडलं होतं.

माझे वडील आमच्या गावच्या संस्थेत सचिव होते. रोजकीर्द आणि खतावणीचा मेळ बसला नाही, की ते बेरीज पुन्हा करत बसायचे नाहीत. एक पावती उचलायची, फूटपट्टी ओळीखाली धरायची आणि ती पावती या वहीतून त्या वहीत कुठपर्यंत पोचली ते बघत जायचं. मी आजही तेच करते. तुम्ही कोड तीनदा वाचलात, त्याऐवजी एक पावती हातात धरून तिच्यामागे गेला असतात, तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता.

चला, जाऊ या. ११ डिसेंबर, पहाटे ५:१२, साडेचार लिटर. सर्व्हरनं ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिली. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे, म्हणून तिथे पडलं १० डिसेंबर, रात्रीचे ११:४२. इथवर काहीही बिघडलेलं नाही, क्षण तोच आहे. चूक पुढच्या पायरीवर आहे. बिलाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, त्या वेळेतून नुसती तारीख उचलते आणि तिच्या हाती १० डिसेंबर लागते. १ ते १० चं बिल तुम्ही दहा तारखेला संध्याकाळचं संकलन झाल्यावर काढून मोकळे झालात, तेव्हा ही नोंद जन्मालाही आली नव्हती. ११ ते २० चं बिल काढलंत, तेव्हा क्वेरीनं तिला दहा तारखेची म्हणून बाहेर ठेवलं. दोन बिलांच्या मधल्या फटीत दूध पडलं. बाकीच्या दिवशीही पहाटेचं दूध आदल्या तारखेत जातच होतं, पण दोन्ही तारखा एकाच बिलातल्या, म्हणून बेरीज जुळायची आणि कोणाच्या लक्षात यायचं नाही. संकलन सहाला सुरू व्हायचं तोवर तर साडेपाचच्या आत एकही नोंद नव्हती.

दुरुस्ती दोन ठिकाणी करा. क्वेरीत तारीख काढण्याआधी वेळ ‘एशिया/कोलकाता’ या टाइमझोनमध्ये आणा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्यासाठी ‘ॲट टाइम झोन’ आहे. साडेपाच तास हातानं मिळवू नका. आज ते चालेल, पण उद्या कोणीतरी सर्व्हरची घड्याळवेळ भारताची करेल, साडेपाच तास दोनदा मिळवले जातील, आणि मग संध्याकाळी साडेसहानंतरचं दूध दुसऱ्या दिवशी जाऊन बसेल.

दुसरी दुरुस्ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘संकलन दिनांक’ आणि ‘सत्र’ असे दोन स्वतंत्र रकाने ठेवा, सत्र म्हणजे सकाळ किंवा संध्याकाळ, आणि ते पावती फाडतानाच फोनवर भरले जाऊ देत. दूध कोणत्या दिवशीचं हे संस्थेनं ठरवायचं असतं, ते घड्याळावरून ओढून काढायचं नसतं. टँकर पंक्चर झाला आणि संध्याकाळचं दूध रात्री साडेबाराला मोजलं, तरी संस्थेच्या लेखी ते आदल्या संध्याकाळचंच.

तुमच्या गावात रेंज जाते हेही तुम्ही लिहिलंय. नोंद सर्व्हरवर पोचते, पण पोच फोनपर्यंत येत नाही, मग ॲप तीच नोंद पुन्हा पाठवतं आणि दूध दुप्पट होतं. नोंदीचा ओळख क्रमांक सर्व्हरवर तयार करू नका, फोनवरच यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांबलचक क्रमांक) बनवा, आणि त्या रकान्याला सर्व्हरवर युनिक बंधन, म्हणजे तोच क्रमांक दोनदा न घेण्याची अट, घाला. मग तीच नोंद दहा वेळा आली तरी एकदाच बसेल.

आता मागचं निस्तरायला हवं. नोव्हेंबरपासूनच्या १, ११ आणि २१ तारखांच्या, पहाटे साडेपाचच्या आतल्या सगळ्या नोंदी काढा, सभासदवार फरकाची यादी करा आणि ती सचिवांच्या हातात द्या. पुढच्या बिलात ‘मागील फरक’ असा वेगळा रकाना छापा, रक्कम बिलात मिसळून टाकू नका. चूक ॲपची होती असं संस्थेच्या फळ्यावर तुमच्या सहीनं लिहा. सचिवांवरचा संशय फक्त तुम्हीच पुसू शकता.

प्रश्न : निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदींचं ॲप चालवतो. औषध, मात्रा, फवारणीची तारीख, आणि त्यावरून काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं याचा हिशेब. दीडशेपैकी वीस-बावीस फोनवरून येणाऱ्या तारखा सर्व्हर नाकारतो. फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत, ॲपची आवृत्ती एकच. आमच्या माणसानं एका शेतकऱ्याचा फोन इंग्रजीत करून दिला, तर चालायला लागलं. सगळ्यांना तसंच सांगावं का?

उत्तर : नाही, कृपा करून असं सांगू नका. त्या माणसानं आपल्या फोनची भाषा मराठी ठेवली, त्याला त्याच भाषेत वाचता येतं म्हणून ठेवली. ॲप मोडतंय ते नेमकं त्याच्यासाठी. बदलायचं असेल तर ॲप बदला.

घडतंय ते असं. फोनची भाषा मराठी असली, की अँड्रॉइडच्या लेखी मराठीचे स्वाभाविक अंक म्हणजे देवनागरी अंक. तुमच्या कोडमध्ये ‘स्ट्रिंग फॉरमॅट’ किंवा ‘सिंपल डेट फॉरमॅट’ वापरताना लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची निवड, दिलेलं नसणार. मग ते फोनचं लोकेल घेतं आणि तारीख तयार होते ‘२०२५-०१-१४’. पडद्यावर ती छानच दिसते. पण तीच जशीच्या तशी सर्व्हरला जाते, आणि सर्व्हर इंग्रजी अंकांची वाट बघत बसलेला असतो. कोडमध्ये काही जागा मात्र चालतात, म्हणून माणूस चक्रावतो : आकडा नुसता ‘टू स्ट्रिंग’नं लिहिलात तर तो कुठल्याही भाषेच्या फोनवर इंग्रजी अंकांतच येतो. त्यामुळे औषधाची मात्रा बरोबर जाते आणि तारीख अडकते.

नियम सोपा आहे. यंत्रानं वाचायची तारीख किंवा आकडा तयार करताना ‘लोकेल डॉट रूट’ (कुठल्याच भाषेचं नसलेलं लोकेल) स्पष्टपणे द्या. माणसानं वाचायचा मजकूर फोनच्या भाषेत राहू द्या. सगळ्या प्रकल्पात ‘फॉरमॅट’ शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचारा, हे कोण वाचणार?

उलट बाजूही बघा. मराठी कीबोर्डवरून शेतकरी ‘१२’ टाईप करतो. पायथॉनचं ‘इंट’ ते निमूट बारा म्हणून घेतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ त्याला संख्याच मानत नाही. आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये तो मजकूर ‘कास्ट’ करून पूर्णांकात बदललात तर हाती शून्य येतं, तेही चूक न दाखवता. तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. औषधाची मात्रा शून्य नोंदली गेली किंवा थांबायचे दिवस शून्य धरले गेले, तर पुढे माल परीक्षणात अडकेपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. म्हणून आकडा ॲपमध्ये शिरतो तिथेच, दारातच, दहा देवनागरी अंकांचं रूपांतर करून घ्या. युनिकोडमध्ये ते ०९६६ ते ०९६एफ असे ओळीनं बसलेले आहेत, चार ओळींचं काम आहे.

आणि चाचणीसाठी एक फोन कायमचा मराठीत ठेवा. माझ्या टेबलावर तसा एक आहे, गेली कित्येक वर्षं.

प्रश्न : मी चिपळूणचा, निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी संगणकावर आणली आहे, साधारण नऊ हजार नावं. माझ्या भाच्यानं त्याचं छोटं ॲप करून दिलं. ‘कुऱ्हाडे’ शोधलं तर चारच सापडतात, मला स्वतःला अकरा आठवतात. शिवाय यादीत ‘काळे’ हे ‘कावळे’च्या आधी येतात. मी आयुष्यभर मुलांना वर्णमाला शिकवली. हे मला बघवत नाही.

उत्तर : सर, तुमची अकरा ही आठवण बरोबर असणार. सगळी नावं यादीत आहेत, फक्त ती तीन प्रकारांनी लिहिली गेली आहेत, आणि त्यांतली दोन डोळ्यांना अगदी सारखी दिसतात.

यादी चार-पाच जणांनी मिळून टाईप केली असेल. एकाच्या कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर होतं. त्यानं लिहिलेलं नाव संगणकाला असं दिसतं : क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा. आठ चिन्हं. दुसऱ्याच्या कीबोर्डवर ते नव्हतं. त्यानं साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण वापरून तोच अर्धचंद्राकृती र उमटवला. त्याची नऊ चिन्हं झाली. कागदावर दोन्ही छापा, फरक दिसणार नाही. संगणक मात्र चिन्ह चिन्हाशी ताडून बघतो, त्याच्या दृष्टीनं ही दोन निराळी नावं. तिसऱ्यानं कंटाळून साधं ‘र्ह’ लिहिलं असेल, म्हणजे ह वर रफार. ते चुकीचं आहे हे तुम्हाला दिसेल, पण शोधताना सापडायला तर हवं.

भाच्याला सांगा, युनिकोडचं प्रमाणीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते जरूर करावं, पण त्यानं हे सुटणार नाही. नुक्तावाला (खाली टिंब असलेला) र आणि ऱ यांना ते एक करतं, अदृश्य जोडखुणेला हात लावत नाही. यादीत एक लपलेला रकाना करावा, ‘शोधनाव’. मूळ नाव त्यात उतरवताना जोडखुणा काढाव्यात आणि प्रत्येक ऱ चा साधा र करावा. तिन्ही कुऱ्हाडे तिथे एक होतील. ‘ॲ’, ‘अॅ’ आणि ‘ऍ’ यांचंही तसंच करावं, तीही तीन वेगळ्या प्रकारांनी लिहिली जातात. तुम्ही शोधायला जे टाईप कराल त्यावरही हीच प्रक्रिया व्हावी आणि शोध त्या रकान्यात चालावा. मूळ नावाच्या रकान्यातून जोडखूण कधीही काढू नये. ती गेली की ऱ्ह चा रफार होतो आणि माणसाचं आडनाव कायमचं बिघडतं.

वर्णक्रमाचं कारण वेगळं. संगणकाच्या कोष्टकात ळ हा ल च्या शेजारी, व च्या आधी बसवला आहे, म्हणून नुसत्या क्रमांकानं लावलं की काळे, कावळे, काशीद असा क्रम येतो. तुम्ही शिकवलेल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर, म्हणजे कावळे, काशीद, काळे. यासाठी ‘कोलेटर’ नावाची सोय तयार आहे. तिला मराठीचं लोकेल दिलं की ती मराठी क्रम पाळते. भाच्याला एक ओळ बदलावी लागेल. ही सोय कोणीतरी मराठीसाठी खपून करून ठेवली आहे, आणि आपण ती वापरत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : एका सर्वेक्षणाच्या कामात गट क्रमांकांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) येते. एक्सेलमध्ये उघडून दोन चुका दुरुस्त करून सेव्ह केली, आता निम्म्या गट क्रमांकांच्या तारखा झाल्या आहेत. रकान्याचं स्वरूप ‘टेक्स्ट’ केलं तर ४५००० असले आकडे येतात. (बार्शी)

उत्तर : मूळ फाइल जपून ठेवली असेल तर तिच्याकडे परत जा, या फाइलवर आणखी काही करू नका.

१५/३ हा गट क्रमांक एक्सेलला १५ मार्च वाटतो. वर्ष लिहिलेलं नसल्यानं ते चालू वर्ष धरतं, आणि तारीख म्हणजे एक्सेलच्या पोटात १९०० सालापासून मोजलेले दिवस. १५ मार्च २०२३ चा आकडा बरोबर ४५००० आहे. म्हणजे तुमचा जो ४५००० आहे, तो २०२३ साली कोणीतरी उघडलेला १५/३ असणार. १४५/२ मात्र कुठलीच तारीख होत नाही, म्हणून तसाच राहिला. त्यामुळे ‘निम्मे’. आकड्यावरून उलट जाता येईल असं वाटतं, पण ०३/१२ आणि ३/१२ यांतला फरक एकदा पुसला की परत येत नाही. जमिनीच्या कामात अंदाजानं गट क्रमांक लिहिणं म्हणजे कोणाच्या तरी बांधावर उद्या भांडण. तेव्हा मूळ फाइल नसेल तर सातबाराशी ताडून घ्या, कितीही वेळ जावो.

पुढच्या वेळी सीएसव्हीवर दोनदा टिचकी मारून ती उघडू नका. रिकामं एक्सेल उघडा, ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट’ घ्या आणि गट क्रमांकाचा रकाना आत येण्याआधीच ‘टेक्स्ट’ ठरवा. पायथॉनच्या पांडाजमध्ये वाचत असाल तर त्या रकान्याला ‘डीटाइप’ म्हणून ‘एसटीआर’ द्या. बँक खात्यांनाही हेच लागू : एक्सेल १५ अंकांपर्यंतच संख्या नीट धरतं, १६ अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो, आणि पुढची शून्यं गळतात ती वेगळीच. ज्याची बेरीज करायची नाही ते संख्या म्हणून साठवायचं नाही.

यात तुम्ही एकटे नाही. माणसाच्या काही जनुकांची नावं इंग्रजी महिन्यांच्या नावांसारखी होती, ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी, आणि शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत त्यांच्या तारखा व्हायच्या. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं २०२० मध्ये त्या जनुकांची नावंच बदलली. आपल्याला गट क्रमांक बदलता येत नाहीत, म्हणून आपण फाइल जपून उघडायची.

प्रश्न : मॅम, मी यवतमाळला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणाचं ॲप प्रोजेक्ट म्हणून केलंय. २८ प्रश्न आणि शेवटी बोंडाचा फोटो. गावात सर्वेक्षण करणाऱ्या ताईंच्या फोनवर कॅमेऱ्यातून परत आलं की सगळा फॉर्म कोरा होतो. माझ्या फोनवर एकदाही झालं नाही. पडद्यावरचा डेटा धरून ठेवणारं व्ह्यूमॉडेल वापरलंय.

उत्तर : तुझ्या फोनला रॅम भरपूर असेल, ताईंच्या फोनला दोन जीबी. कॅमेरा उघडला की फोनला जागा हवी असते आणि मागे गेलेलं तुझं ॲप तो सरळ मारून टाकतो. परत आल्यावर अँड्रॉइड तोच पडदा नव्यानं उभा करतं, पण आतलं सगळं गेलेलं असतं. व्ह्यूमॉडेल फोन आडवा-उभा केल्यावर टिकतं, ॲपची प्रक्रियाच मेली की टिकत नाही. वर्गात या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकत्रच शिकवल्या जातात, म्हणून तुझी चूक समजण्यासारखी आहे.

मला मात्र दुसरीच काळजी वाटली. फॉर्म कोरा झाल्यावर ताई काय करतात? पुन्हा भरतात. उन्हात उभ्या राहून, दुसऱ्यांदा. नर पतंगांना वासानं ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातले पतंग त्या दुसऱ्यांदा मोजत नाहीत, आठवतील तेवढे लिहितात. म्हणजे तुझ्याकडे आलेल्या आकड्यांतले काही मोजलेले आहेत आणि काही आठवलेले, आणि कुठले कुठले ते तुला कधीच कळणार नाही. आधी ताईंना भेट, कोणत्या दिवशी असं झालं ते विचार, आणि त्या दिवसांच्या नोंदींवर खूण कर.

मग कोड. रूममध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या फोनवरच्या डेटाबेसमध्ये, ‘मसुदा’ म्हणून एक तक्ता कर आणि प्रत्येक उत्तर तो रकाना सोडताक्षणी तिथे लिही. पडदा उघडताना आधी मसुदा शोध. कोणत्या फॉर्मवर होतो एवढा क्रमांक, प्रक्रिया मेली तरी टिकणाऱ्या ‘सेव्हड स्टेट हँडल’मध्ये पुरे. फोटो त्यात कोंबू नकोस, त्या वाटेला साधारण एक एमबीची मर्यादा आहे आणि ती ओलांडली की ॲप पडतं. फोटोच्या फाइलचा पत्ता कॅमेरा उघडण्याआधी मसुद्यात लिही. हे बरेच जण विसरतात. कॅमेरा फोटो काढून देतो, पण नव्यानं जन्मलेल्या तुझ्या ॲपला आठवतच नाही की कुठल्या फाइलमध्ये ठेवायला सांगितलं होतं.

तुझ्या फोनवर हे घडवून बघायचं असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू कर आणि २८ प्रश्न स्वतः भर. सगळे. मध्येच सोडू नकोस.

प्रश्न : ज्या सभासदांनी या महिन्यात हप्ता भरला नाही त्यांची यादी हवी आहे. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या प्रश्नभाषेत) ‘नॉट इन’, म्हणजे ‘या यादीत नसलेले’, लावलं तर एकही ओळ येत नाही. थकबाकीदार तर आहेत. (पुणे)

उत्तर : आतल्या यादीत एखादा सभासद क्रमांक रिकामा, म्हणजे ‘नल’ आहे. ‘नल’ म्हणजे माहीत नाही. तुमचा सभासद त्या माहीत नसलेल्या क्रमांकाचा नाहीच, हे एसक्यूएल छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून ते कोणाचीच ओळ देत नाही. ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरा, यादी येईल. पण तो रिकामा क्रमांक कोणाच्या पावतीचा हेही शोधा. कोणीतरी हप्ता भरलाय आणि तो त्याच्या नावावर पडलेला नाही, आणि तुमच्या नव्या यादीत तो थकबाकीदार म्हणून येणार आहे.

प्रश्न : पतसंस्थेच्या व्याजात ॲप आणि लिपिकाचं कॅल्क्युलेटर यांत कधीकधी एका पैशाचा फरक येतो. कोण बरोबर? (सांगोला)

उत्तर : लिपिक. पायथॉनला २.६७५ दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित करायला सांगा, २.६७ येतं. कारण संगणकाच्या द्विमान अंकांत २.६७५ नेमका मांडताच येत नाही, त्याच्या आत तो किंचित कमी साठलेला असतो. पैशांसाठी ‘फ्लोट’, म्हणजे असा द्विमान अंकांतला दशांश, वापरू नका. पायथॉनमध्ये ‘डेसिमल’, कोटलिनमध्ये ‘बिगडेसिमल’ घ्या आणि त्यांना आकडा अवतरणात, मजकूर म्हणून द्या. फ्लोटमधून दिलात तर तोच कमीपणा आत शिरतो. पूर्णांकनाची पद्धत ‘राउंड हाफ अप’ अशी स्पष्ट लिहा, कारण ‘डेसिमल’ची स्वतःची पद्धत वेगळी असते आणि ती अर्ध्याला सम अंकाकडे ढकलते. पूर्णांकन दर महिन्याला करायचं की वर्षअखेर, हे कोडमध्ये ठरवू नका. संस्थेला विचारा आणि लेखी घ्या.

दुरुस्ती : मागच्या अंकात साताऱ्याच्या वाचकाला मी लिहिलं होतं की पाण्याच्या टाकीची पातळी वर्कमॅनेजरनं (अँड्रॉइडमधली, मागे राहून काम चालवणारी सोय) दर पाच मिनिटांनी वाचता येईल. ते चुकलं. वर्कमॅनेजरचं पुन्हापुन्हा चालणारं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतरानं ठेवता येत नाही. कमी आकडा दिला तरी ते १५ च धरतं, आणि फोन झोपलेला असेल तर त्याहूनही उशीर होतो. दोन वाचकांनी हे कळवलं, त्यांची मी मनापासून आभारी आहे. ज्यांनी माझं ऐकून टाकी भरल्याचा इशारा त्यावर सोपवला असेल, त्यांनी तो आजच काढावा. पातळी मोजणाऱ्या यंत्रानंच सर्व्हरला कळवावं आणि सर्व्हरनं फोनला तातडीची सूचना धाडावी. तोवर मोटर बंद करायला माणूस ठेवा.